इंग्रजीतलं ‘बेग’ (beg) रशियनमध्ये न्यायचं कसं (व्हाया मराठी)

रशियन शिकणाऱ्या मराठी माणसाची एक सवय असते, डोक्यात आधी इंग्रजी शब्द आणायचा आणि मग त्याचा रशियन शब्द ॲपमध्ये शोधायचा. बाकी ठिकाणी खपून जातं, पण भीक, याचना, विनवणी या भागात हमखास आपटायला होतं, कारण इंग्रजीचं एकटं ‘बेग’ रस्त्यावर भीक मागतं, देवापुढे गयावया करतं, माफी मागतं आणि वर कुत्र्यालाही दोन पायांवर उभं करतं. रशियनमध्ये या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. मी कसं करतो ते सांगतो.

पहिली स्टेप, इंग्रजी वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. इंग्रजी ‘आस्क’मध्ये विचारणं आणि मागणं दोन्ही कोंबलंय, रशियनमध्ये मात्र आपल्यासारखंच वेगवेगळं आहे: ‘स्प्रसीत्’ म्हणजे विचारणं आणि ‘पप्रसीत्’ म्हणजे मागणं, विनंती करणं. इंग्रजीतून जाणारा माणूस इथे वर्षभर चुकतो, आपल्याला चुकायचं काही कारणच नाही. अजून एक फुकटचा फायदा, आपण लोकां‘कडे’ पैसे मागतो, रशियन माणूसही ‘उ प्रखोझिख’ म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांकडेच मागतो.

आता मराठीत कोणता शब्द आला ते बघा. भीक मागणं असेल तर ‘प्रसीत् मीलस्तीन्यू’, आणि ‘मीलस्तीन्या’च्या पोटात दया आहे, म्हणजे आपल्या ‘भीक’पेक्षा ‘भिक्षा’च्या जवळचा शब्द. जुन्या रशियात चर्चच्या दाराशी बसलेला माणूस ‘ख्रिस्ता रादि’, ख्रिस्तासाठी द्या, म्हणायचा आणि त्यावरून एक क्रियापदच तयार झालं, ‘ख्रिस्तराद्निचत्’. काकुळतीला येऊन विनवणं असेल तर ‘उमल्यात्’. पोरगं खेळण्याच्या दुकानापुढे पिरपिर लावतं ते ‘क्ल्यांचित्’. मित्राकडून सिगरेट मागून ओढणं, ज्याला इंग्रजीत ‘बम’ करणं म्हणतात, ते रशियनमध्ये ‘स्त्रिल्यात्’, शब्दशः गोळी झाडणं! आणि जो कायमच दुसऱ्याच्या जिवावर असतो तो फुकट्या म्हणजे ‘ख़ल्याव्शिक’.

माणसासाठी दोन शब्द लक्षात ठेवा. ‘नीश्शी’ म्हणजे कफल्लक, भिकारी, यात शिवी नाही. ‘पप्रशाय्का’मध्ये मात्र तिरस्कार आहे, मागायची सवयच लागलेला, आणि शेवटी ‘आ’ दिसला तरी तो शब्द बाई-पुरुष दोघांना चालतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘बेगर’ असेल, तर बोलणारा कोणत्या सुरात बोलतोय ते ऐका आणि मग ठरवा.

दुसरी स्टेप, उपसर्ग. इथे वेळ द्या कारण इथेच मजा आहे. ‘प्रसीत्’ म्हणजे मागणं, त्याच्या पुढे एक तुकडा लावला की गोष्टीचा शेवट बदलतो. ‘वीप्रसित्’ म्हणजे मागून मागून मिळवलंच, ‘उप्रसीत्’ म्हणजे विनवण्या करून समोरच्याला राजी केलं, ‘अत्प्रसीत्सा’ म्हणजे ऑफिसातून लवकर सुटायची परवानगी काढली (इंग्रजीतलं ‘बेग ऑफ’ बऱ्याचदा हेच असतं), ‘नप्रसीत्सा’ म्हणजे न बोलावता कुणाच्या घरी जेवायला टपकणं. आणि ‘दप्रसीत्’ वापरताना जपून, ती पोलिसांची चौकशी आहे.

तिसरी स्टेप म्हणजे म्हणी, आणि इथे तर इंग्रजी सरळ बाजूलाच ठेवा. इंग्रजी टोपी हातात घेऊन मागतं, रशियन माणूस ‘स् प्रत्यानुतय रुकोय’ फिरतो, म्हणजे हात पसरून, अगदी आपल्यासारखा. पण हात सोडून पाय पसरले तर खेळ खलास, ‘प्रत्यानुत् नोगि’ म्हणजे मरणं. त्यातही अंथरूण पाहून पाय पसरावेत हे त्यांना माहितीये, फक्त ते अंथरुणाऐवजी कपडे बघतात: ‘पा अद्योश्के प्रत्यागिवाय नोश्की’.

झोळीसुद्धा आहे. ‘सुमा’ म्हणजे भिकाऱ्याची पिशवी, आणि ‘अत् सुमी दा अत् त्युर्मी न्ये ज़रिकाय्स्या’ म्हणजे झोळी आणि तुरुंग आपल्या वाट्याला कधी येणारच नाही असं कुणी म्हणू नये. ‘मीर’ म्हणजे जग, पूर्वी गावच्या समाजालाही म्हणायचे, त्यामुळे ‘पइती पा मीरू’ म्हणजे भिकेला लागणं आणि दुसऱ्याला ‘पुस्तीत् पा मीरू’ म्हणजे देशोधडीला लावणं. त्याच ‘मीर’कडून एकेक धागा घेतला की उघड्याला सदरा होतो, ‘स् मीरू पा नीत्के, गोलमू रुबाश्का’. वर्गणी काढताना हे म्हणतात.

‘बेगर्स कान्ट बी चूझर्स’ला शब्दशः भाषांतर चालतं, पण बोलताना परिस्थितीप्रमाणे दुसरं काहीतरी येतं. नाइलाजाने कमी दर्जाचं घ्यावं लागलं तर ‘न बिज़्रीब्ये ई राक रीबा’, मासेच नाहीत तिथे ‘राक’ही (क्रेफिश, गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) मासा, म्हणजे आपली ताकावर भागवलेली दुधाची तहान. फुकट मिळालेल्यावर कुणी नाक मुरडलं तर ‘दर्योनमू कन्यू व् ज़ूबी न्ये स्मोत्रित’, भेट मिळालेल्या घोड्याचे दात बघू नयेत. इंग्रजीवाले घोड्याच्या तोंडात बघतात, रशियन थेट दात मोजतो, आणि आपणही ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ म्हणतोच की! मला तरी ही जोडी सगळ्यात आवडते.

‘इफ विशेस वेअर हॉर्सेस, बेगर्स वुड राइड’चं रशियन करताना घोडा आणि भिकारी दोघांनाही सोडून द्या. ‘येस्ली बी दा कबी, दा व र्तू रस्ली ग्रिबी’, जर-तर करत बसलं आणि तोंडात मशरूम उगवले असते तर... आपल्या आत्याबाईच्या मिशा आठवल्या ना?

आता नुसतं नावापुरतं ‘बेग’ असतं ती ठिकाणं, भराभर. माफी असेल तर ‘प्रशू प्रश्शेनिया’, नीट ऐकू आलं नाही म्हणून परत विचारायचं असेल तर नुसतं ‘प्रस्तीत्ये?’. ‘बेग टू डिफर’ला ‘पज़्वोल्यू सिब्ये न्ये सग्लसीत्सा’, असहमत व्हायची मुभा घेतो. ‘बेगर्स बिलीफ’ला ‘उमू निपस्तिझीमा’, बुद्धीच्या पलीकडचं. ‘बेग द क्वेश्चन’ दोन प्रकारचं: तर्कशास्त्रातला दोष असेल, म्हणजे जे सिद्ध करायचंय तेच धरून चाललोय, तर ‘प्रिद्वस्खिश्शेनिये अस्नवानिया’, आणि बातम्यांत म्हणतात तसं ‘साहजिकच प्रश्न पडतो’ एवढंच असेल तर ‘नप्राशिवयित्सा वप्रोस’, म्हणजे मघाच्या त्या आगंतुक पाहुण्यासारखा प्रश्न स्वतःच दारात येऊन उभा.

राहिला कुत्रा. बिस्किटासाठी मागच्या पायांवर बसून तो इंग्रजीत भीक मागतो, रशियनमध्ये मात्र ‘स्लूझित्’, म्हणजे नोकरी करतो, सेवा बजावतो, आणि त्याला हुकूमही तसाच द्यायचा: ‘स्लुझी!’