बेने इस्रायली घरातल्या मुलांसाठी छोट्या प्रकरणांची पहिली पुस्तके निवडताना

चित्रपुस्तक दोन मिनिटांत संपवून दुसरे मागणारे, पण दीडशे पानांचे पुस्तक हाती दिले की ते उशीखाली ठेवून विसरणारे मूल साधारण सात ते नऊ वर्षांचे असते. या वयासाठी छोट्या प्रकरणांची पुस्तके असतात: पन्नास ते ऐंशी पाने, चार ते आठ पानांचे एकेक प्रकरण, ठसठशीत अक्षर आणि दर एक-दोन पानांआड एखादे रेखाचित्र. बेळगावातील एका वाचनालयाचा बालविभाग मी काही वर्षे सांभाळते आहे. सीमाभागातल्या मराठी मुलांना अशी पुस्तके शोधून देणे मुळातच कष्टाचे आहे; मूल ज्यू घरातले, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांत बहुधा बेने इस्रायली घरातले असेल, तर निवड आणखी विचारपूर्वक करावी लागते.

हे मला एका तिसरीतल्या मुलीने शिकवले. मूळचे रायगड जिल्ह्यातले तिचे कुटुंब वडिलांच्या बदलीमुळे बेळगावला आले होते. तिच्यासाठी मी हौसेने हनुक्का सणावरचे एक सुरेख चित्रांचे इंग्रजी पुस्तक मिळवले. दोन दिवसांनी तिने ते परत आणले आणि टेबलावर ठेवून विचारले, "यातली आजी बटाट्याचे वडे तळते. माझी आजी मलिदा करते. तो कुठल्या पानावर आहे?" पुस्तकात काही खोट नव्हती. ते पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू कुटुंबाचे होते. खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि आजी यिडिश शब्द वापरत होती. माझ्या वाचक मुलीची आजी मात्र गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नवीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, स्मरण करणारी होती. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून सात स्त्रिया आणि सात पुरुष वाचले व त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्रायलींची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे नवगावकर, रोहेकर, पेणकर अशी, आणि घरची भाषा मराठी. त्यामुळे ज्यू मुलासाठीचे पुस्तक एवढीच खूणगाठ बांधून कपाटाकडे जाऊ नये. ते मूल कोणत्या घरातले आहे, हे आधी समजून घ्यावे.

समजून घेण्याचा सरळ मार्ग म्हणजे आई-वडिलांना किंवा आजी-आजोबांना विचारणे. घरात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, किती काटेकोरपणे पाळतात, स्वयंपाकाचे कोणते नियम आहेत, सणांना कोणत्या नावांनी ओळखतात, एवढे तरी विचारावे. बेने इस्रायली वडीलधाऱ्यांकडे सणांची जुनी मराठी नावे असतात. रोश हशाना (नववर्ष) हा नव्याचा सण, योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपवास) हा दारफळणीचा सण, तिशा बआव (मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन) हा बिरड्याचा सण. हनुक्का मात्र या जुन्या यादीत नाही. बाहेरच्या ज्यू समाजांशी संबंध वाढल्यावर तो या घरांत रुळला. इंग्रजीतील ज्यू बालपुस्तकांत हनुक्काचीच गर्दी असते, आणि केवळ सहज मिळतात म्हणून आपण तीच घेत राहिलो, तर मुलाच्या घरातला मोठा सण कपाटात येतच नाही. स्वयंपाकाचेही तसेच आहे. या घरांत मांस आणि दूध एकत्र खात नाहीत, डुकराचे मांस वर्ज्य असते, आणि मासा खवले व पर असलेलाच चालतो, म्हणजे कोळंबी व खेकडे बाद. कोकणी ज्यू स्वयंपाकात नारळाच्या दुधाला एवढे महत्त्व आहे, त्याचे एक कारण हेच. एखाद्या गोष्टीत मटणाच्या जेवणावर लगेच दुधाचा बेळगावी कुंदा वाढला, तर आपल्या लक्षातही येणार नाही, पण ते मूल तेथेच थांबेल. असे पुस्तक देऊच नये असे नाही. मूल काय विचारेल हे आधी ठाऊक असावे.

आता वाचनाच्या पातळीविषयी, आणि येथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक चुका येथेच होतात. इंग्रजी पुस्तकांची पातळी पुष्कळदा शब्दसंख्येवरून ठरवतात; मराठीला ते माप लागू पडत नाही. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, आणि "देवघरासमोरच्यांनाही" असा एकच शब्द मुलाला चार पायऱ्यांसारखा चढावा लागतो. म्हणून पुस्तकाचे मधले एखादे पान उघडून असे लांब शब्द आणि जोडाक्षरे किती आहेत ते पाहावे. ज्यू आशयाच्या पुस्तकांत भर पडते ती हिब्रू शब्दांची. शब्बाथ, किद्दुश (शब्बाथच्या पेल्यावरची प्रार्थना), मझुझा (दाराच्या चौकटीवर लावलेली पवित्र वचनांची डबी), सिद्दूर (प्रार्थनेचे पुस्तक) हे शब्द मुलाने घरी शेकडो वेळा ऐकलेले असतात, पण देवनागरीत छापलेले क्वचितच पाहिलेले असतात. एका पानावर असे एक-दोन शब्द आले आणि पुढेही तेच पुन्हा आले तर मूल ते पचवते. पाच-सहा एकदम आले तर गोष्टीचा धागा सुटतो.

पाच बोटांची चाचणी सर्वांत सोपी आहे. मुलाला एक पूर्ण पान मोठ्याने वाचू द्यावे आणि शब्द अडला की एक बोट मिटायला सांगावे. पान संपेपर्यंत एखादेच बोट मिटले तर पुस्तक सोपे, दोन-तीन मिटली तर योग्य, आणि पाचही मिटली तर ते सध्या आपण वाचून दाखवण्याचे पुस्तक. मूल वाचत असताना मध्येच दुरुस्ती करू नये. सीमाभागातल्या मुलावर आणखी एक ओझे असते. शाळेत कन्नड लिपी, घरी देवनागरी, बहुतेकांना इंग्रजीही, आणि या मुलांना त्यावर उजवीकडून डावीकडे जाणारे हिब्रू. ती मुलगी एकदा आजीचे प्रार्थनेचे पुस्तक उघडून अक्षरांवरून बोट फिरवत बसली होती, तेव्हा शेजारचा मुलगा ओरडला, "मावशी, ही उलटं वाचायलीय बघा!" तिने शांतपणे त्याला पान कोठून सुरू होते ते दाखवले. इतक्या लिप्या सांभाळणाऱ्या मुलाला प्रत्येक भाषेत एकाच पातळीचे पुस्तक देण्याचा आग्रह धरू नये. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर इंग्रजी पुस्तक एक पायरी वरचे आणि मराठी एक पायरी खालचे निवडावे. मराठी वाचण्यात गोडी टिकणे हे त्या पायरीपेक्षा महत्त्वाचे आहे.

आशय पारखताना पहिले प्रकरण वाचून निर्णय घेऊ नये, तिसरे वाचावे. पहिल्या प्रकरणात प्रत्येक लेखक नीटनेटका असतो. तिसऱ्या प्रकरणापर्यंत गोष्ट चालू आहे की सणाची माहिती चालू आहे, ते तेथे कळते. माझ्या मते चांगल्या पुस्तकात ज्यूपण दिनक्रमात मुरलेले असते: शुक्रवारी सूर्यास्ताआधी पूर्ण व्हायची कामांची घाई, दाराच्या चौकटीवरच्या मझुझाला जाताजाता लागणारा हात, किद्दुशसाठी काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत. मुलाची अडचण मात्र कोणत्याही मुलाची असावी. हरवलेली चप्पल, मैत्रिणीशी अबोला, धाकट्या भावाचा उपद्रव. प्रत्येक प्रकरणात एकेक प्रथा समजावून सांगणारे पुस्तक शेजारच्या मुलांना माहितीसाठी द्यावे. ज्याच्या घरातच त्या प्रथा आहेत, ते मूल त्यात कंटाळते. सणांच्या तारखा दरवर्षी का सरकतात, असा प्रश्न आला तर मराठी घराकडे उत्तर तयार आहे. हिब्रू पंचांगही चंद्रावर चालते आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी 19 वर्षांत 7 वेळा जादा महिना घेते, अगदी आपल्या अधिक मासासारखा.

मराठीतील बायबलकथांच्या पुस्तकांबाबत विशेष दक्षता घ्यावी. मराठीत मिळणारी अशी बहुतेक पुस्तके ख्रिस्ती प्रकाशनांची असतात. मोशे, दावीद, एस्तेर यांच्या गोष्टी त्यांत असतात आणि पुष्कळदा उत्तम सांगितलेल्याही असतात. पण त्यांची मांडणी पुढे येणाऱ्या येशूकडे नेणारी असते, आणि "जुना करार" हा शब्दच ख्रिस्ती दृष्टीचा आहे. ज्यू घरात त्या ग्रंथांना तनाख म्हणतात आणि त्यातील पहिल्या पाच पुस्तकांना तोरा. त्यामुळे असे पुस्तक द्यायचेच असेल तर आधी पालकांना दाखवावे. एस्तेरची गोष्ट आपल्याकडच्या मुलांना विशेष आवडते, कारण तिच्या पहिल्याच वाक्यात हिंदुस्थानचे नाव येते.

युरोपातील ज्यूंच्या संहाराच्या गोष्टी या वयात देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाने स्वतः विचारले तर मोठ्यांनी जवळ बसून थोडक्यात व खरे उत्तर द्यावे. पण एकट्याने वाचायच्या पहिल्या पुस्तकांत तो विषय नसावा. ज्यू मुलाची स्वतःच्या समाजाशी पुस्तकातली पहिली ओळख मरणाच्या वाटेने होऊ नये.

छापील प्रत मिळवण्याचा आग्रह धरावा, आणि त्याचे कारण या घरांच्या दृष्टीने अगदी व्यावहारिक आहे. जेथे शब्बाथ काटेकोर पाळला जातो, तेथे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत मोबाइल, टॅब, टीव्ही बंद असतात, लिहिणेही बंद असते. वाचन मात्र चालते. आठवड्यातला सर्वांत निवांत वाचनाचा वेळ तोच, म्हणून पुस्तके शुक्रवारी दुपारपर्यंत बदलून द्यावीत. हिब्रूत देवाचे नाव छापलेली पुस्तके जमिनीवर ठेवत नाहीत आणि फाटली तरी रद्दीत घालत नाहीत. ती सन्मानाने पुरण्यासाठी वेगळी ठेवतात. वाचनालयात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पुस्तके कोठून मिळवावीत? इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी सिडनी टेलर पुरस्काराच्या याद्या उपयोगी पडतात. अमेरिकेतील ज्यू ग्रंथालयांची संघटना तो 1968 पासून देते. त्या यादीतून निवडतानाही वर सांगितलेला आजीचा आणि मलिद्याचा प्रश्न विचारावाच. मराठीसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या गोष्टी विनामूल्य मिळतात व छापून घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके स्वस्त असतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांतल्या साहित्य संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागतात. तेथे मुलालाच बरोबर न्यावे आणि पाच बोटांची चाचणी स्टॉलसमोरच घ्यावी.

बेने इस्रायली मुलाच्या घराची मराठी गोष्ट मात्र कपाटात बहुतेक सापडत नाही, आणि म्हणून ती घरी तयार करावी. हे वाटते तितके अवघड नाही. या समाजाला ती सवय जुनी आहे. पेसाह या, इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची आठवण करण्याच्या सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात छापली गेली होती. आजीला एक प्रसंग सांगायला लावावा, तो चार प्रकरणांत तोडावा, आणि प्रत्येक प्रकरण अशा जागी थांबवावे की पान उलटावेसे वाटेल. वाक्ये सात-आठ शब्दांची ठेवावीत. ए-फोर कागद मधोमध दुमडून, सुईदोऱ्याने शिवून बत्तीस पानांची वही सहज होते. अक्षर मोठे आणि ओळींत मोकळी जागा असावी, म्हणजे वेलांट्या-उकार एकमेकांत अडकत नाहीत. चित्रांच्या जागा मुलासाठी रिकाम्या सोडाव्यात.

आम्ही त्या मुलीसाठी केलेल्या वहीची सुरुवात अशी होती: "शुक्रवारी संध्याकाळी घाणा थांबला. पणजोबांनी बैलाचे जू काढले. उद्या कोणीही काम करणार नव्हते." दोनच प्रकरणे लिहून झाली होती. तिने ती वाचली, बैलाचे चित्र काढले आणि विचारले की शनिवारी कोणी काम करायचे नाही, तर बैलाला वैरण कोण घालायचे? आजी फोनवर होती. ती म्हणाली की वैरण घालायचीच, आणि तीसुद्धा आपण जेवायला बसण्याआधी. जनावराला उपाशी ठेवून माणसाने घास घ्यायचा नाही, असा आपल्याकडे नियमच आहे. तिसरे प्रकरण आम्ही त्यावर लिहिले.