बाळंतपणाच्या रजेनंतर चांगली माणसं गमावू नका
रजेवरून परतलेली हुशार सहकारी काही महिन्यांतच राजीनामा देते, तेव्हा ‘घरच्या अडचणी’ म्हणून विषय संपवू नका. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. हे नेमणूकपत्रासोबतच लेखी द्या.

खरी गोम मात्र कामाच्या वाटपात असते. आधीचा क्लायंट, आधीची टीम तिच्याकडेच परत द्या. ‘सध्या हलकं काम कर’ हे तिला न विचारता ठरवू नका. अप्रेझलमध्ये फक्त तिने काम केलेले महिने धरा. रजेतलं टार्गेट तिच्या माथी मारलंत, तर ती दुसरीकडे अर्ज करणारच.