सीमारेषेतला रेल्वेमार्ग कसा वाचावा

भारत-बांगलादेश सीमेचा नकाशा पाहताना नद्यांकडे लक्ष सहज जाते, रेल्वेकडे जात नाही. रेल्वेमार्गामुळे ही सीमा कशी वळली हे पडताळून पाहायचे असेल, तर सीमेवरच्या हिली या गावापासून सुरुवात करावी.

प्रथम फाळणीची सीमा ठरवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष सिरिल रॅडक्लिफ यांचा १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झालेला बंगालचा निवाडा समोर घ्यावा. त्यातील परिशिष्टात सीमा शब्दांत वर्णन केलेली असून, वर्णन आणि नकाशा यांत तफावत आढळल्यास वर्णन ग्राह्य धरावे, असे निवाड्यातच म्हटले आहे. जोडीला फाळणीपूर्वीच्या पोलीस ठाण्यांच्या हद्दी दाखवणारा नकाशा हवा. नुसत्या जिल्ह्यांच्या नकाशावर काम भागत नाही.

आता फुलबाडी आणि बालूरघाट या ठाण्यांच्या सामाईक हद्दीवरून पुढे सरकावे. बालूरघाटच्या पूर्व कोपऱ्यात ती बंगाल-आसाम रेल्वेच्या उत्तर-दक्षिण मार्गाला भिडते आणि तेथे निवाडा ठाण्याची हद्द सोडून रेल्वेच्या जमिनीच्या पश्चिम कडेने खाली उतरतो, तो थेट बालूरघाट-पांचबीबी हद्द लागेपर्यंत. येथे थांबून शब्द नीट वाचावेत. सीमा रुळांवरून नव्हे, तर रेल्वेच्या जमिनीच्या कडेने जाते; शेताची मोजणी करून घेतलेल्या माणसाला बांधाचा मध्य आणि बांधाची कड यांतला फरक समजावावा लागत नाही. परिणामी रूळ, भराव आणि हिली स्थानक पूर्व पाकिस्तानात गेले, तर पश्चिमेकडील हिली भारतात राहिली. टाळता येण्याजोगी रेल्वेमार्गांची तोडातोड आपण शक्य तेवढी टाळली, असे रॅडक्लिफ यांनी लिहिले आहे. हिलीचे वळण त्याच्याशी जुळते. मात्र प्रत्येक वळणामागे रेल्वेच असेल असे गृहीत धरू नये, कारण बहुतेक ठिकाणी रेषा ठाण्यांच्या हद्दी आणि नद्या यांवरूनच गेली आहे.

शेवटी, जेथे सीमा मार्गाला समांतर न जाता त्याला छेदते, ती ठिकाणे शोधावीत. हाच मार्ग उत्तरेला बांगलादेशातील चिलाहाटी आणि भारतातील हल्दीबाडी यांच्या दरम्यान सीमा ओलांडतो. १९६५ मध्ये तेथील वाहतूक थांबली आणि डिसेंबर २०२० मध्ये तो जोडमार्ग पुन्हा सुरू झाला. आसामचा उर्वरित भारताशी असलेला रेल्वेसंपर्क तर फाळणीनेच तुटला, आणि तो सांधण्यासाठी उत्तर बंगालच्या चिंचोळ्या पट्ट्यातून टाकलेला मीटरगेज दुवा १९५० मध्ये खुला झाला. जुन्या नकाशाशेजारी १९५० नंतरचा रेल्वेचा नकाशा ठेवला, की हा दुवा लगेच वेगळा ओळखू येतो.