बोटाने गुदतपासणी: हातमोजा चढवण्याआधीची तयारी

गुदद्वारातून बोट घालून करायची तपासणी, म्हणजे आपल्या ओपीडीतली ‘पी.आर.’, एका मिनिटात होते. चुका होतात त्या मिनिटाच्या आधी आणि नंतर. मोज्यातलं बोट आत जाऊन आलं की तो हात अस्वच्छ झाला. त्यानंतर त्या हाताने जेलीची ट्यूब, पडद्याची कड, दिव्याचं बटण किंवा केसपेपर यांतलं काही शोधायची वेळ येता कामा नये. बाकी सगळी तयारी याभोवती फिरते. सर्जरीत नव्याने लागलेल्या इंटर्न मुलामुलींनी ही यादी टेबलापाशी उभं राहून एकदा वाचावी.

सुरुवात केसपेपरपासून. तपासणीची गरज आहे का, आणि आजच आहे का, हे आधी ठरवा. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाचा ताजा रक्ततपास बघितल्याशिवाय हात लावू नका. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असतील तर आतल्या अस्तराला झालेल्या बारीकशा ओरखड्यातूनही जंतू रक्तात जाऊ शकतात, म्हणून अशा वेळी ही तपासणी टाळतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, प्लेटलेट कमी आहेत का, नुकतंच गुदद्वाराचं किंवा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं ऑपरेशन झालंय का, हे विचारा. ताप, थंडी आणि लघवीला जळजळ असलेल्या पुरुषात प्रोस्टेटला (मूत्राशयाखालच्या ग्रंथीला) तीव्र संसर्ग असण्याची शंका ठेवा. तिथे प्रोस्टेट चोळायची नसते. पीएसएचं, म्हणजे प्रोस्टेटच्या तपासाचं, रक्त पाठवायचं असेल तर ते तपासणीआधीच काढून ठेवा.

दोन प्रसंगांत विशेष जपा. मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेल्या रुग्णात गुदद्वाराला झालेल्या स्पर्शानेसुद्धा रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, दरदरून घाम येतो. बीपीचं यंत्र शेजारी असल्याशिवाय सुरुवात करू नका. ही लक्षणं दिसताच बोट काढा, रुग्णाला उठवून बसवा, घट्ट कपडे सैल करा आणि सीनियरना हाक मारा. दुसरा प्रसंग आत काही वस्तू अडकल्याचा संशय असण्याचा. आधी एक्स-रे काढा, कारण काच किंवा पत्रा असेल तर रुग्णाला इजा होईल आणि तुमचंही बोट कापेल. अपघातात कंबरेचं हाड मोडलेल्या रुग्णातही हाडाचं टोक आत आलेलं असू शकतं, तेव्हा बोट घाईने सरकवू नका.

मग रुग्णाशी बोला. कपडे उतरवायला सांगण्याआधी बोला, नंतर नाही. काय करणार, कशासाठी, किती वेळ लागेल आणि कसं वाटेल, हे त्यांच्या भाषेत सांगा: ‘काका, संडासच्या जागेतून बोटाने आतून तपासायचंय. दाब जाणवेल, संडासला लागल्यासारखं वाटेल. तुम्ही थांबा म्हणालात की मी लगेच थांबेन.’ नुसती मान हलली म्हणजे संमती मिळाली असं धरू नका, तोंडाने होकार घ्या. लॅटेक्सची (मोज्याच्या रबराची) किंवा जागा बधिर करणाऱ्या औषधाची अॅलर्जी आहे का, हेही याच वेळी विचारा. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असेल तर दुसरी स्त्री हजर असणं हा त्या रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत तो लिहिलेला आहे. सिस्टरना वेळेवर बोलवा, त्या अडकल्या असतील तर थांबा. पुरुष रुग्णालाही सोबत कोणी हवंय का, हे विचारावं असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे पुरुषांच्या लाजेचा विचार फारच कमी होतो. बघायला जमलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी परवानगी घ्या, आणि रुग्ण नको म्हणाला तर त्यांना बाहेर पाठवा.

आता ट्रॉली. तपासणीचे मोजे निर्जंतुक नसले तरी चालतात, पण नवे हवेत. धुऊन, पावडर लावून वाळवलेले मोजे कोणी हातात दिले तर घेऊ नका. धुतलेल्या मोज्याला पडलेलं बारीक छिद्र डोळ्यांना दिसत नाही. आपल्या मापाची एक जोडी घालायला आणि एक बदलायला काढून ठेवा. लॅटेक्सची अॅलर्जी असेल तर नायट्राइलचे घ्या. जेली पाण्यात विरघळणारी असावी. व्हॅसलिन किंवा तेल लावलं तर लॅटेक्स कमकुवत होऊन मोजा फाटतो. ट्यूबमधून पुरेशी जेली आधीच एका गॉजच्या तुकड्यावर काढा, झाकण लावा आणि ट्यूब बाजूला ठेवा. मोज्याचं बोट थेट ट्यूबच्या तोंडाला लावायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते, आणि ती ट्यूब दिवसभर एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे फिरत असते. ही सवय पहिल्याच दिवशी मोडा. जागा बधिर करणारी लिग्नोकेन जेली वापरणार असाल तर लावून काही मिनिटं थांबा, लावल्या लावल्या जागा बधिर होत नाही. पुसायला गॉज किंवा टिश्यू भरपूर ठेवा, त्यातले काही रुग्णासाठी. पांघरायला चादर, खाली रबरी शीट आणि त्यावर स्वच्छ कागद किंवा ड्रॉशीट घाला. दिवा आधीच लावून वळवून ठेवा, पडदा पूर्ण ओढा. कचऱ्याची पिवळी आणि लाल पिशवी हाताच्या अंतरावर आणा. प्रॉक्टोस्कोप (गुदद्वारातून आत बघायची नळी) लागणार असेल तर तो निर्जंतुक केलेलाच असावा. नळाखाली धुतलेला चालत नाही.

स्वतःचे हात शेवटी. अंगठी, घड्याळ काढा, नखं कापलेली असू द्या. लांब नख मोजाही फाडतं आणि रुग्णाचं अस्तरही. हातावर जखम असेल तर आधी वॉटरप्रूफ पट्टी लावा. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झाले नसतील तर ते याच आठवड्यात मार्गी लावा. मोजे घालायचे म्हणून हात स्वच्छ करणं टळत नाही: सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद.

रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, कडेजवळ झोपवा. म्हाताऱ्या माणसांना चढता-उतरताना पायरी आणि आधार द्या. आधी नुसतं नीट बघा. फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, दिसलं आणि स्पर्शानेच रुग्ण कळवळला तर बोट घालायचा हट्ट सोडा. एरवी बोटाचा मांसल भाग गुदद्वाराच्या कडेवर हलकेच टेकवा, रुग्णाला संडासला केल्यासारखा जोर करायला सांगा, स्नायू सैल पडला की मग सरकवा. स्त्री रुग्णात योनीमार्गाची तपासणीही करायची असेल तर ती आधी, मग मोजा बदलून ही. उलट क्रम कधीही नाही.

बोट बाहेर आल्यावर मोज्यावर रक्त, आव किंवा डांबरासारखी काळी शौच आहे का ते बघा. रुग्णाला पुसून द्या किंवा टिश्यू हातात द्या, अंगावर चादर ओढा. मोजे आतली बाजू बाहेर येईल असे उलटे करून काढा आणि लाल पिशवीत टाका, घाण झालेला गॉज पिवळीत. मोजे काढल्यावर हात साबण-पाण्यानेच धुवा, कारण जुलाब लावणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. त्यानंतरच पेन उचला. टेबलावरचा कागद बदला. शीटला डाग लागला असेल तर तो आधी पुसून, मग हायपोक्लोराइटने स्वच्छ करा, कारण मळावर थेट ओतलेलं जंतुनाशक नीट काम करत नाही.

काय सापडलं ते रुग्णाने कपडे नीट केल्यावर, समोर बसवून सांगा. पुढच्या शौचाला एखादा रक्ताचा थेंब दिसू शकतो. रक्त थांबेना किंवा थंडी वाजून ताप आला तर लगेच परत यायला सांगा. केसपेपरवर संमती घेतल्याचं, सोबत कोण होतं त्यांचं नाव, वेळ आणि सापडलेल्या गोष्टींची जागा (गुदद्वार घड्याळाची तबकडी धरून, कितीच्या आकड्यापाशी ते) लिहा. तपासणी अर्धवट सोडली असेल तर तेही कारणासह लिहा.