जीपच्या डॅशबोर्डचा पत्रा घेताना या चुका टाळा

वणी-वरोरा पट्ट्यात जुन्या जीप नव्याने बांधणारी पोरं वाढली, याचा मला आनंद आहे. पण डॅशबोर्डचा पत्रा निवडताना दर दुसरा जण त्याच चुका करून माझ्याकडे येतो.

सगळ्यात वाईट म्हणजे गोठ्याचा उरलेला टिनपत्रा. तो जीआय, म्हणजे जस्त चढवलेला. एका मे महिन्यात गावातला पोरगा असाच पत्रा हातोडीने सपाट करून घेऊन आला. "दादा, घरचा पडला हाय, नवीन कायले आनाचा?" मी ऐकलं त्याचं. बाहेर झळा, म्हणून शटर अर्धं ओढून वेल्डिंग केलं. जस्त 907 अंशांनाच उकळतं, लोखंड वितळायला 1500 च्या आसपास लागतात. टाका बसायच्या आधीच पांढरा धूर. तोंडाला गोडसर चव आली आणि रात्री, भर उन्हाळ्यात, गोधडी घेऊन कुडकुडलो. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. रंग मात्र पोळ्यापर्यंतही टिकला नाही, नखाने सालीसारखा निघायचा. गुळगुळीत जस्तावर साधा प्रायमर धरतच नाही. सगळं उतरवून सीआर, म्हणजे थंड लाटलेल्या, जस्त नसलेल्या पोलादी पत्र्यात पुन्हा केलं. तेव्हापासून जीआय माझ्या टेबलावर येत नाही.

दुसरी चूक जाडीची. "22 गेज घेऊ, हातानेच वाकतो." हाताने वाकतो म्हणूनच नको! तो जेमतेम 0.7 मिमी. कोळशाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर मीटरच्या भोकांमधला पत्रा डबडब वाजत राहतो. मी 1.2 मिमी सीआर घेतो, म्हणजे 18 गेज, आणि खालची कड अर्धा इंच आत वाकवतो. दुकानात गेज नाही, मिमी सांगा. जाडी मोजायला व्हर्नियर सोबत न्या.

ॲल्युमिनियम हवंच असेल तर 5052 या ग्रेडचं, 2 मिमी. 6061-टी6 हा दुसरा, कडक ग्रेड काटकोनात वाकवला की घडीवर तडकतो. स्टीलच्या ब्रॅकेटवर बसवताना मध्ये रबर द्या, नाहीतर पावसाळ्यात सांध्यावर पांढरी भुकटी धरते.

चकचकीत स्टेनलेस नको, दुपारचं ऊन थेट डोळ्यात येतं. एचआर, म्हणजे गरम लाटलेला पत्रा, स्वस्त पडतो, पण वरचा काळा पापुद्रा घासून काढायची तयारी ठेवा.

आणि पुठ्ठ्याचा साचा न कापता थेट पत्र्याला ग्राइंडर लावणाऱ्याला मी परत पाठवतो. व्हिडिओत दहा मिनिटांत होतं ते, इथे दोन संध्याकाळी लागतात. साचा गाडीत बसवायचा, 52 मिमीची भोकं पुठ्ठ्यातच कापून मीटर अडकवायचे, दार लावून स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं. सीटवर बसून स्टिअरिंगच्या आऱ्यांमधून काटे नीट दिसले, की मगच मी पत्र्यावर रेघ ओढतो.