शिआन, लानझोउला हुई जेवण जेवताय? मग या चुका टाळा

चायनीज म्हटलं की आपल्याला आठवतं शेजवान आणि मंचुरियन, त्यामुळे वायव्य चीनमधल्या हुई लोकांचं जेवण समोर आलं की भले भले गोंधळतात. हुई म्हणजे चिनी बोलणारे मुसलमान, निंगशिया, गान्सू, छिंगहाईत आणि शिआनच्या जुन्या मोहल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे. गहू, मेंढी, बीफ आणि चहा, यावर सगळा स्वयंपाक. डुकराचं मांस नाही, दारू नाही, म्हणून बिअरचा कॅन हातात घेऊन त्यांच्या हॉटेलात शिरू नका, प्लीज.

आपल्याकडच्या लोकांची सगळ्यात मोठी चूक गान्सूतल्या लानझोउ शहराच्या बीफ नूडल्सच्या बाबतीत होते. "मीट नको, नुसत्या नूडल्स द्या" असं सांगून लोक निर्धास्त होतात, पण तो पाण्यासारखा स्वच्छ दिसणारा रस्साच बीफ आणि हाडं उकळून केलेला असतो, वरचे तुकडे काढले म्हणून काही फरक पडत नाही. बीफ खात नसाल तर त्या नूडल्सच्या दुकानात जाऊच नका, दुसरीकडे मेंढीचं मांस मागा, त्याला म्हणायचं यांग-रो, आणि न्यो-रो ऐकू आलं की ते बीफ.

खाणार असाल तर सकाळीच जा. लानझोउत हा नाश्ता आहे, चांगल्या दुकानांतला रस्सा दुपारपर्यंत संपतो. ऑर्डर देताना नूडलची जाडी सांगावी लागते, केसासारख्या बारीकपासून पट्ट्यासारख्या रुंदपर्यंत, न सांगता उभे राहिलात तर मागची रांग चिडते. आणि आधी रस्सा तसाच चाखा, मग व्हिनेगर घाला.

आता शिआनचा पाओमो, म्हणजे मटणाच्या रश्शात चुरलेली रोटी. वेटर रिकामा वाडगा आणि जाड गोल रोट्या आणून ठेवतो नि निघून जातो, आपण वाटच बघत बसतो किंवा रोटी चावायला लागतो. तसं नाही करायचं! ती रोटी तुम्ही स्वतः हाताने चुरायची असते, आधी दोन भाग, मग चार, मग चिमटीने तोडत तोडत सोयाबीनच्या दाण्याएवढे तुकडे, पंधरा-वीस मिनिटं सहज जातात आणि शेजारचे म्हातारे गप्पा मारत निवांत तेच करत असतात. कंटाळून मोठे तुकडे टाकलेत तर आतून कोरडे राहतात, कारण कणीक जवळपास न आंबवलेली, घट्ट असते, रस्सा आत शिरतच नाही. चुरलेला वाडगा परत आत जातो, तिथे मटणाच्या रश्शात शिजवून शेवयांसकट येतो. आला की ढवळू नका, एका कडेने खात जा म्हणजे गरम राहतं आणि वरचा वास उडत नाही. सोबतचा गोड मुरवलेला लसूण मधेमधे खायचा, तो नको म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

हुईंच्या आठ जिन्नसांच्या चहाचं झाकण काढून टेबलावर ठेवू नका. झाकण, वाटी, बशी असा सेट असतो, आत चहापत्ती, खडीसाखर, गोजी बेरी, तीळ, अक्रोड, लॉंगन (लिचीसारखं सुकं फळ), सुकी लाल बोरं, जी लोक खजूर समजतात, वगैरे. डाव्या हातात बशीसकट वाटी धरा, झाकणाने वर तरंगणारं हलकेच मागे सारा, आणि फटीतून घोट घ्या. फुंकर मारत बसू नका. पहिला घोट फिका लागला म्हणून वेगळी साखर मागू नका, खडीसाखर हळूहळू विरघळते आणि उकळतं पाणी पुन्हा पुन्हा घालतात, खरी चव दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला येते.

घरी हाताने ओढलेल्या नूडल्स करताना तुटतात ही तर कायमची तक्रार. बहुतेक वेळा कणकेला विश्रांती मिळालेली नसते, अर्धा तास तरी ओल्या फडक्याखाली ठेवा, पुन्हा मळा, पुन्हा ठेवा. दुसरं कारण क्षार. लानझोउत पारंपरिक पद्धतीत वाळवंटी झुडपाची राख घालायचे, तिने कणीक ताणली जाते आणि पिवळसर रंग येतो. आपल्याकडे चिमूटभर पापडखार पाण्यात विरघळवून घालून बघा, जास्त झाला तर साबणासारखी चव लागते. कमी ग्लुटेनचा केकचा मैदा असेल तर मात्र कितीही मळा, ओढला जाणार नाही, सरळ लाटा आणि सुरीने कापा.