ब्रश फॉन्ट वापरताय? या चुका टाळा

लग्नपत्रिका असो की दारावरची पाटी, नाव ब्रशने लिहिल्यासारखं हवं असं गिऱ्हाईक सांगतं आणि आपण फॉन्टच्या मेनूत डोकं घालतो. फॉन्ट देखणा मिळतोही. बिघडतो तो आपल्या हातून, आणि देवनागरीत बहुतेक वेळा शिरोरेषेपाशी.

ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवणं. रोमन लिपीतल्या सुट्या मोठ्या अक्षरांना मोकळं अंतर शोभतं. देवनागरीत तेच केलं की रेघ तुटते आणि ‘शुभविवाह’चे पाच तुकडे लोंबायला लागतात. ट्रॅकिंग शून्यावर ठेवा. जागा भरत नसेल तर आकार वाढवा, पण नुसतं आडवं ताणू नका; त्याने ब्रशचे जाड-बारीक फटकारे बेढब होतात.

सांधे न जोडता लेझर कटिंगला देणं. माझी एक सागवानी पाटी अशीच वाया गेली. फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर ही वेगळी आकृती असते आणि तिची रेघ शेजारणीवर किंचित चढलेली असते. पडद्यावर सगळं सलग दिसतं. लेझरला मात्र प्रत्येक आकृतीची कड दिसते, आणि तो शिरोरेषेत जागोजागी उभे काप घेतो. अक्षरांना बाह्यरेषा दिली तरी हेच सांधे उघडे पडतात. म्हणून आधी टेक्स्टचं आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करा, मग त्या एकसंध जोडायला इलस्ट्रेटरमध्ये ‘युनाइट’ किंवा कोरलमध्ये ‘वेल्ड’ वापरा, आणि नुसत्या कडा दाखवणाऱ्या आउटलाइन व्ह्यूमध्ये एकदा डोळ्यांखालून घाला. मूळ टेक्स्टची प्रत वेगळी ठेवा. नावातला ऱ्हस्व-दीर्घ छपाईच्या आदल्या रात्रीच लक्षात येतो!

‘किशोर’ची वेलांटी ‘श’वर गेली? दोष फॉन्टचा नाही, सॉफ्टवेअरमधल्या कंपोझरचा, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रणेचा आहे. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावा; इनडिझाइनच्या सीएस६ आवृत्तीपासून तो आहे.

फॉन्ट न तपासता घेणं. नमुन्यात ‘नमस्ते’ नेहमीच सुंदर दिसतं. तुम्ही ‘कऱ्हाड, ज्ञानदा, ॲड., काळे, राष्ट्र’ टाइप करून बघा. ‘ऱ्ह’ फुटला किंवा ‘ॲ’च्या जागी चौकोन आला तर तो फॉन्ट मराठी कामाचा नाही. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले तर मजकुराची भाषा मराठी करून पाहा. फॉन्टमध्ये सोय असेल तर अक्षरं लगेच बदलतात.

इंग्रजी नावं ब्रश लिपीत सगळी कॅपिटलमध्ये लिहू नका. १९४२ सालच्या ‘ब्रश स्क्रिप्ट’ फॉन्टपासून या घराण्यातली कॅपिटल्स शब्दाची सुरुवात करायला काढलेली असतात, ओळीने उभी राहायला नाहीत.

नावं ब्रशमध्ये, बाकी मुहूर्त, पत्ता, फोन साध्या फॉन्टमध्ये. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ तरी पाहुण्यांना वाचता यायला हवी. हस्ताक्षराचाच हट्ट असेल तर ‘कलम’ हा फॉन्ट लहान आकारातही बऱ्यापैकी वाचता येतो.

आणि परवाना बघा. फुकट उतरवलेले बरेच फॉन्ट फक्त घरगुती वापरापुरते असतात. गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले की तो वापर व्यावसायिक होतो. ‘कलम’ आणि ‘अमिता’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, त्यांच्याबाबतीत ही काळजी नाही.